न मिटणारे शेत

शाळेला पन्नास वर्षे झाली तेव्हा एक स्मरणिका निघाली. तिच्यात सरांवर चार ओळी आहेत. 'गणितासारखा रुक्ष विषय हसतखेळत शिकवणारे, विद्यार्थिप्रिय, मितभाषी.' सर वर्गात हसत नसत. विद्यार्थिप्रिय म्हणावे, तर निम्मा वर्ग त्यांना टरकून असे. मितभाषी तर ते मुळीच नव्हते. बोलू लागले की समोरच्याचा चहा गार होई. आणि गणित रुक्ष आहे असे त्यांच्यासमोर कोणी म्हटले असते, तर त्याला त्यांनी उभे करून 'रुक्ष म्हणजे काय' हे विचारले असते. चार ओळींत इतक्या चुका बसवायला कौशल्य लागते. सरांनी गणित शिकवणे का थांबवले, हे मात्र त्या चार ओळींत नाही. ते मला माहीत आहे, कारण त्यातला काही भाग माझ्या हातून झाला.

मी त्या शाळेत दोन वर्षे मराठी शिकवले. नंतर वर्तमानपत्रात गेलो. शाळा बिबवेवाडीला, पाचवी ते सातवी. तेव्हा बिबवेवाडी शहरात आली होती ती कागदावर. शाळेच्या एका अंगाला मेथी-कोथिंबिरीचे वाफे होते, दुसऱ्या अंगाला पहिल्या सोसायट्यांचे खोदलेले पाये. वर्गात दोन्हीकडची मुले बसत. सर नारायण पेठेतून सायकलने येत. कॅरिअरला सुतळीचे भेंडोळे बांधलेले असे, पावलापावलावर गाठ मारलेले. ते कशासाठी, असे मी पहिल्या आठवड्यात विचारले. "गळफास घेण्याइतकी लांब आहे, पण तेवढा पगार थकलेला नाही," असे ते म्हणाले आणि पुढे गेले.

त्यांचा तास मी खिडकीतून बरेचदा पाहिला. फळ्यावर एक उदाहरण लिहिलेले असे, एकच. पहिली दहा मिनिटे कोणी पेन उचलायचे नाही. पेने बाकावर आडवी, हात मागे. उदाहरण वाचायचे, परत वाचायचे. मग सर एकाला उठवत.

"काय झालंय ते सांग. आकडे न घेता."

आकड्यांशिवाय उदाहरण सांगणे मुलांना भयंकर जड जाई. एकदा फळ्यावर विहीर खणणाऱ्या मजुरांचे उदाहरण होते. एक मुलगा बराच वेळ उभा राहून म्हणाला, "सर, काही माणसं काम करत असतात. मग आणखी माणसं येतात. मग काम लवकर संपतं."

"म्हणजे सरकारी काम नाही," सर म्हणाले. "एवढं कळलं. बस."

वह्यांची पद्धत त्यांची स्वतःची होती. साऱ्या महाराष्ट्रात मुले 'रीत' आणि 'उत्तर' लिहीत. सरांच्या वर्गात पानावर तीन रकाने असत: 'काय झालंय', 'काय विचारलंय' आणि 'पटतं का'. गणित पहिल्या दोन रकान्यांच्या खाली कुठेही करा, कसेही करा. पण तिसरा रकाना रिकामा असला तर वही तपासली जात नसे. उत्तर काढणाऱ्याने ते उत्तर परत उदाहरणात नेऊन ठेवायचे आणि विचारायचे, हे पटतं का. माणसाचे वय दीडशे आले, पटतं का. दुधात पाणी दुधापेक्षा जास्त आले, पटतं का. ("हे पटण्यासारखं आहे," असा शेरा एका वहीवर होता. "आमच्या गवळ्याचा पत्ता तुला कोणी दिला?")

त्यांचा खरा राग गाइडांवर होता. त्या वर्षांत एक गाइड फार चाले. त्याच्या पहिल्याच पानावर चौकट होती: 'एकूण' दिसले की बेरीज, 'उरले' दिसले की वजाबाकी, 'प्रत्येकी' दिसले की भागाकार. मुलांना ती चौकट पाठ होती, पालकांना त्याचे कौतुक होते. जूनमध्ये वर्ग हातात घेतला की सर पहिल्या दिवशी एक उदाहरण घालत. बाबूने पाच आंबे खाल्ले, त्याच्याकडे बारा उरले, तर आधी किती होते. पन्नासातली तीस-पस्तीस मुले सात लिहीत. चौकटीत 'उरले' म्हणजे वजाबाकी.

"सात होते," सर शांतपणे सांगत. "पाच खाल्ले. बारा उरले. ह्या बाबूला शाळेतून काढा आणि मार्केट यार्डात गाळा घेऊन द्या."

मुले हसत. सर हसत नसत. स्टाफरूममध्ये येऊन ते म्हणत, "ही मुलं वाचत नाहीत. ह्यांना न वाचण्याचं शिक्षण दिलंय आपण. चार वर्षं पगार घेऊन."

चौथीपर्यंत शिकवणारे शिक्षक शेजारच्या शाळेत होते. सरांना त्यांच्या शाळेत चहाला बोलावत नसत.

मोठ्या माणसांना ते अधिक तापदायक होते. लग्नपत्रिकेतला मुहूर्त आणि जेवणाची वेळ यांचा मेळ बसत नसेल तर ते यजमानाला तसे पत्राने कळवत. एका दंतमंजनाच्या जाहिरातीत 'दुप्पट पांढरे दात' असे होते; 'कशाच्या दुप्पट' हे विचारणारे कार्ड त्यांनी कंपनीला टाकले, उत्तर आले नाही म्हणून दुसरे टाकले. एकदा तपासणीला साहेब आले. त्यांनी वर्गाच्या दारातूनच विचारले, "सर, अभ्यासक्रम किती झाला?"

"माझा पूर्ण झालाय," सर म्हणाले. "मुलांचा चालू आहे."

साहेबांनी तपासणीच्या वहीत 'अभ्यासक्रम मागे' एवढेच लिहिले. ते खोटेही नव्हते. सरांचा अभ्यासक्रम दरवर्षी मागे राही. तीन प्रकरणे राहत, कधी चार. पालक तक्रार करत. ह्या तक्रारीत तथ्य होते हे इथे नोंदवले पाहिजे, कारण पुढे जे झाले त्यात त्याचाही वाटा आहे. सरांच्या हाताखालची मुले विचार करत, पण सावकाश करत. परीक्षेला तीन तास असतात.

ज्या मुलीवरून हे सगळे घडले, तिची आणि माझी ओळख आरतीच्या उदाहरणाने झाली. गणपतीचे दिवस होते. सरांनी फळ्यावर लिहिले होते: एका घरात पाच माणसे आहेत. त्यांची आरती सात मिनिटांत होते. पाहुणे येऊन दहा माणसे झाली. आता आरतीला किती वेळ लागेल. वर्गातल्या बऱ्याच जणांनी साडेतीन मिनिटे काढली होती. दुप्पट माणसे, निम्मा वेळ. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी हात वर करून होती.

"बोल."

"सर, सातच मिनटं. माणसं वाढली म्हणून आरती कमी होत न्हाई."

"पटतं का?"

ती थांबली. "पाहुण्यात आमचं थोरलं काका असलं तर पटत न्हाई. ते मधे दोन आरत्या जादा घालत्यात."

सर फळ्याकडे वळले. त्यांचे खांदे हलले असे मला खिडकीतून वाटले. वळून परत वर्गाकडे पाहिले तेव्हा चेहरा नेहमीचा होता.

ती तिथल्याच एका शेतकरी घरातली. घराचे वाफे शाळेच्या कुंपणाला लागून होते. त्या घरात मुली सातवीनंतर शिकत नसत. आमच्या शाळेत सातवीच शेवटची होती, आठवीला बसने पुण्यात जावे लागे. तिच्या वडिलांनी मात्र भावांशी भांडून एक गोष्ट पदरात पाडून घेतली होती. पोरगी पास होते आहे तोवर शिकेल. नापास झाली की त्या दिवशी शाळा बंद, त्यावर कोणी काही बोलायचे नाही. हे त्यांनी मला स्वतः सांगितले होते, शाळेच्या कुंपणापाशी, हातात पाण्याचे फावडे घेऊन. "आतापतूर एकदाबी नापास न्हाई," असेही सांगितले होते.

वार्षिक परीक्षेचे पेपर संस्थेच्या मुख्य कचेरीतून येत. संस्थेच्या सगळ्या शाळांना एकच पेपर. तपासणाऱ्यासाठी त्याबरोबर नमुना उत्तरांचा एक कागद येई. आपल्या वर्गाचे पेपर आपण तपासायचे नाहीत असा नियम होता, आणि शिक्षक मोजके होते, म्हणून सातवीच्या गणिताचे बावन्न पेपर माझ्याकडे आले. मी मराठीचा. गणिताशी माझा संबंध नमुना उत्तरांच्या कागदापुरता. उत्तर जुळले की बरोबर, नाही जुळले की चूक. दीड दिवसात मी गठ्ठा संपवला आणि त्याचा मला अभिमान वाटला.

प्रश्न सातवा असा होता: एका शेतकऱ्याच्या त्रिकोणी शेताच्या बाजू ४० मीटर, ६० मीटर व ११० मीटर आहेत. शेताभोवती कुंपण घालायचे आहे, तर कुंपणाची लांबी काढा. गुण चार. नमुना उत्तर २१० मीटर.

एक्केचाळीस मुलांनी २१० लिहिले होते. मी त्यांना चार-चार गुण दिले. अकरा मुलांनी भलतेच काही लिहिले होते. त्यांना मी शून्य दिले.

गुणांची यादी फलकावर लागायच्या आधी पेपर वर्गशिक्षकाकडे जात. सर दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये आले. हातात अकरा पेपर होते. ते त्यांनी माझ्या डब्याशेजारी ठेवले.

"आपण हे वाचलेत?"

"तपासलेत," मी म्हणालो.

"मी 'वाचलेत का' असं विचारलं."

मी सर्वांत वरचा पेपर उचलला. तो त्या मुलीचा होता. सातव्या प्रश्नाचे पान कंपासच्या टोकाने चार ठिकाणी भोसकलेले होते. एकावर एक कंस काढलेले, खोडलेले. तपासताना मी तो गबाळेपणा समजलो होतो. खाली तिने लिहिले होते: '४० आणि ६० मिळून १०० होतात. तिसरी बाजू ११० आहे. दोन बाजू एकमेकींपर्यंत पोचत नाहीत. असे शेत नसते. पटत नाही. मोजणी पुन्हा करावी.'

मी ते दोनदा वाचले. मग इतर दहा वाचले. प्रत्येकाने आपापल्या शब्दांत तेच सांगितले होते. एकाने 'शेतकऱ्याला तलाठ्याकडे पाठवावे' असे लिहिले होते.

त्रिकोणाच्या कोणत्याही दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा जास्त असते, हे सातवीच्या पुस्तकातच आहे. ते पेपर काढणाऱ्याला आठवले नव्हते, छापणाऱ्याला आठवले नव्हते, मला तर ठाऊकच नव्हते. अकरा मुलांना आठवले होते.

"हिला एकतीस पडलेत," सर म्हणाले. "पास व्हायला पस्तीस लागतात. बाकीचे दहा पास आहेत."

आम्ही तिला बोलावून विचारले. तिने दहा मीटरला एक सेंटिमीटर धरून शेत काढायला घेतले होते. कंस एकमेकांना छेदेनात. कंपास ढिला झाला असेल म्हणून तिने बाकावरच्या मैत्रिणीचा मागून घेतला. तरी छेदेनात. चार वेळा काढले. "सर, मला वाटलं माझंच चुकतंय. पाऊण तास गेला. मागचे दोन प्रश्न ऱ्हायले." मग तिने विचारले, "२१० लिवायचं होतं का?"

सर म्हणाले, "नाही."

मी गठ्ठा घेऊन मुख्याध्यापकांकडे गेलो. वास्तविक पेपर माझ्या हातात होते, लाल पेन खिशात होते, तपासनीस मीच होतो. शून्य खोडून चार करायला एक मिनिट लागले असते. मी परवानगी मागायला गेलो.

मुख्याध्यापक सदाशिव पेठेतले, सरांपेक्षा दोन वर्षांनी मोठे. कधी आवाज चढवत नसत. त्यांनी नमुना उत्तरांचा कागद माझ्यापुढे सरकवला. "हा संस्थेकडून आलाय. ह्यात दोनशे दहा आहे. आपण इथे अकरा जणांना चार-चार गुण वाढवायचे, म्हणजे बाकीच्या शाळांनी काय करायचं? सगळ्या गठ्ठ्यांची दोरी सोडायची? निकालाला चार दिवस आहेत."

"पण प्रश्न चुकलाय."

"प्रश्न काय विचारलाय? कुंपणाची लांबी. तीन आकडे दिलेत, बेरीज करा. सातवीतल्या मुलाला ते जमत नसेल तर दोष प्रश्नाचा नाही."

सर त्याच दुपारी सायकलने संस्थेच्या कचेरीत गेले. अर्ज लिहून नेला होता, एक पान, खाली आकृती. दुसऱ्या दिवशी तोच अर्ज परत आला. समासात बारीक अक्षरात लिहिले होते: 'प्रश्नात कुंपणाची लांबी विचारली आहे. शेताचा आकार विचारलेला नाही. नमुना उत्तर कायम.' खाली सही आणि शिक्का.

असली वाक्ये मी पुढे वर्तमानपत्रात पुष्कळ वाचली. पाणी येत नाही अशी तक्रार केली तर नळजोड अधिकृत आहे असे उत्तर येते. पण माणसाच्या हुशारीचा इतक्या खालच्या कामासाठी केलेला वापर मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. ते वाक्य लिहिणारा मूर्ख नव्हता. प्रश्न काय आहे हे त्याला नीट कळल्याशिवाय तसे वाक्य सुचत नाही.

मग मुख्याध्यापकांनी तोडगा काढला. कृपागुण. एका विषयात थोडक्यात राहिलेल्या मुलाला पाचापर्यंत कृपागुण देता येत. त्यासाठी विषयशिक्षकाने शिफारशीच्या तक्त्यावर सही करायची. "चार गुण कृपेचे," ते सरांना म्हणाले. "मुलगी पास. आपलंही समाधान."

"कृपा कसली? तिचं उत्तर बरोबर आहे."

"अहो सर, एकतीस अधिक चार पस्तीस. तुमचे चार काय आणि माझे चार काय."

"गणितात फरक नाही," सर म्हणाले. "म्हणून तर मी सही करणार नाही."

दोन दिवस त्यांनी सही केली नाही. निकालाला दोन दिवस उरले. मला त्यांचा राग येऊ लागला होता. चूक कोणाची ते मला कळत होते, माझी स्वतःची तर फारच नीट कळत होती, पण तत्त्व सरांचे आणि वर्ष मुलीचे, हा हिशेब मला मान्य नव्हता. मी तसे म्हणालो. "सर, सही करून टाका. ती घरी बसेल."

"आणि बाकीचे दहा?" ते म्हणाले. "ते आजच मला विचारत होते. सर, पुढच्या वेळी जे छापलंय ते लिहू का? काय सांगू त्यांना? वर्षभर मी त्यांना सांगितलं, पटतं का ते बघा. त्यांनी बघितलं. आता सांगू, बघू नका?"

 

निकालाच्या आदल्या दिवशी सकाळी मुलीचे वडील आले. तिने घरी सगळे सांगितले होते. ते मुख्याध्यापकांच्या खोलीत बसले नाहीत, व्हरांड्यातच उभे राहिले. "सायब, मला गणित येत न्हाई. पण हे शेत मला दाखवा. मी सोत्ता कुंपण घालून देतो."

सरांनी सायकलची सुतळी सोडली. मैदानात काठीने एक रेघ ओढली, अकरा पावलांची. सुतळीचे दोन तुकडे केले, सहा गाठींचा आणि चार गाठींचा. सहाचा रेघेच्या एका टोकाला खुंटीने ठोकला, चाराचा दुसऱ्या टोकाला. सहाचे मोकळे टोक वडिलांच्या हातात दिले, चाराचे माझ्या. "आता दोघं एकमेकांना भेटा," म्हणाले.

आम्ही सुतळी ताणून भेटायला निघालो. वरून भेटेना, बाजूने भेटेना. शेवटी दोन्ही सुतळ्या रेघेवर आडव्या आल्या तरी आमच्या हातांमध्ये एक पाऊल जागा उरली. वडील त्या जागेकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "हितनं गुरं शिरत्याली."

व्हरांड्यात मुख्याध्यापक उभे होते. वर्गांच्या खिडक्यांत डोकी जमली होती. सर मैदानातूनच त्यांना म्हणाले, "पाहिलंत?"

"अहो, मला काय दाखवता," मुख्याध्यापक म्हणाले. "मी गणिताचा पदवीधर आहे. पेपरचं पाकीट फोडलं त्याच दिवशी माझ्या लक्षात आलं होतं."

"मग?"

"मग काय. छापलाय."

मी वर्तमानपत्रात बरीच वर्षे काढली. अज्ञानाने झालेल्या चुका पाहिल्या, घाईने झालेल्या पाहिल्या. त्यांचा राग येऊन जातो. त्या व्हरांड्यातल्या शब्दाचा राग अजून गेलेला नाही. परीक्षा सुरू होण्याआधी ह्या माणसाला ठाऊक होते. फळ्यावर एक ओळ लिहिली असती, 'प्रश्न सातवा सोडून द्यावा', तर त्या मुलीचा पाऊण तास वाचला असता आणि मागचे दोन प्रश्न तिने सोडवले असते. त्यांनी घंटा दिली आणि पेपर वाटले.

वडील सरांजवळ गेले. आवाज हळू होता, पण मी शेजारीच होतो. "सर, तुमचं बरोबर हाय. माझ्या पोरीचंबी बरोबर हाय, ते मी आता डोळ्यानं बघितलं. पर उद्या कागुद काय म्हणतोय, त्याच्यावर हाय सगळं. भाऊबंद सुतळी बघायला येत न्हाईत. मी शब्द दिलाय. तो मला फिरवता येत न्हाई."

सरांनी खुंट्या उपटल्या. सुतळी गुंडाळली. मग हात झटकून मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले आणि तक्ता मागितला.

तक्त्यावर 'शिफारशीचे कारण' असा रकाना होता. सरांनी त्यात लिहिले: 'विद्यार्थिनीचे उत्तर बरोबर आहे.' मुख्याध्यापकांनी ते वाचून तक्ता फाडला. "उत्तर बरोबर असेल तर कृपा कशाला, असं कचेरी विचारेल. आणि तेही बरोबरच विचारेल." नवा तक्ता त्यांनी स्वतः भरला. 'विद्यार्थिनी गणितात कच्ची आहे. वर्तणूक चांगली असल्याने सहानुभूतीपूर्वक चार गुण द्यावेत.' तो सरांपुढे ठेवला.

सरांनी तो वाचला. परत वाचला. पेन खिशातच होते, तरी ते काढायला त्यांना वेळ लागला. सही केली आणि तारीख घातली.

पुढच्या जूनमध्ये त्यांनी सातवीचे गणित मागितले नाही. त्यांना भूगोल दिला. त्यांनी तो चांगला शिकवला असे म्हणतात. सातवीचे गणित एका नव्या शिक्षकाकडे गेले. अभ्यासक्रम फेब्रुवारीत पूर्ण झाला आणि विषयाचा निकाल शंभर टक्के लागला. मुख्याध्यापकांनी त्या नव्या शिक्षकाचा सत्कार केला. तोपर्यंत मी शाळा सोडली होती. हे मला पत्राने कळले. सर निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले. कधी लकडी पुलावर भेटत. गणिताबद्दल बोलत नसत.

निकालाच्या दिवशी ती मुलगी वडिलांबरोबर आली होती. वर्गात गुणपत्रके वाटली गेली. बाकीची मुले शेवटच्या ओळीतले 'उत्तीर्ण' पाहून पळाली. ती दारात उभी राहून पहिल्या ओळीपासून वाचत होती. मराठी, हिंदी, इतिहास. गणितापुढे '३१ + ४ कृ.' होते आणि खाली शेऱ्यात 'गणितात कच्ची'. ती सरांकडे आली. मी तिथेच होतो.

"सर, हे तुमी लिवलंत?"

"लिहिलं मुख्याध्यापकांनी. सही माझी आहे."

"हे चार कुणाचे?"

"तुझे."

"हितं तसं न्हाई."

"नाही."

तिने परत कागदाकडे पाहिले. "मग सही का केली?"

सर मुलांच्या प्रश्नाला लगेच उत्तर देत नसत. ह्या वेळी दिले. "तुला आठवीत जायचंय म्हणून."

"चुकीचं आसलं तरी?"

"हो."

  मग तिने गुणपत्रक दुमडले, दप्तरात ठेवले आणि वडील उभे होते तिकडे गेली. वडिलांनी "पास?" असे विचारले. तिने मान हलवली. जूनमध्ये ती पुण्याच्या शाळेत आठवीला बसली. पुढचे मला माहीत नाही.

उत्तरपत्रिका नियमाप्रमाणे काही वर्षे शाळेत ठेवत. तिच्या पेपरवर सातव्या प्रश्नापुढे समासात लाल शाईचे एक शून्य आहे, त्याभोवती वर्तुळ आहे आणि खाली तपासनीस म्हणून माझी सही आहे. निकाल लागल्यावरही तो गठ्ठा चार दिवस माझ्या कपाटात होता. किल्ली माझ्याकडे होती. ते शून्य मी खोडले नाही.